अन्वर इब्राहिमांची संघटना, झाकीर नाईक आणि आपला भरकटलेला वाद

मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ते दिल्लीला आले तेव्हाही हेच झालं आणि झाकीर नाईकची बातमी आली की अजूनही हेच होतं. एक गट म्हणतो की हा माणूस मूळचाच कट्टर, तरुणपणी याने मुस्लिम पोरांची देशव्यापी संघटना काढली, मुंबईतून पळालेला नाईक याच्याच देशात बसलाय, आता अजून कसला पुरावा पाहिजे. दुसरा गट म्हणतो की छे, हा तर लोकशाहीसाठी जेलमध्ये सडलेला माणूस, ते संघटनेचं वगैरे कॉलेजच्या वयातलं, ते कशाला उकरून काढता. गंमत नाही वाटत मला यात, वाईट वाटतं, कारण दोन्ही गटांचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि ती गोष्टच चुकीची आहे. दोघांनाही वाटतं की १९७१ ची ती संघटना म्हणजे एक डाग आहे, फक्त एकाला तो दाखवायचाय आणि दुसऱ्याला झाकायचाय. माझं म्हणणं सरळ आहे. अंगकातान बेलिया इस्लाम मलेशिया, थोडक्यात आबिम, ही संघटना उभी करणं हे अन्वर यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक होतं, आणि पुढे जे बिघडलं ते धर्माचं नाव लावून तरुण एकत्र आले म्हणून नाही बिघडलं, ते सरकारच्या मांडीवर जाऊन बसले तिथून बिघडलं.

आधी तो काळ बघायला हवा, कारण आपल्याकडच्या वादात तो कुणी बघतच नाही. १३ मे १९६९ ला कुआलालंपूरमध्ये मलय आणि चिनी लोकांत दंगल पेटली, सरकारी आकडाच १९६ मृतांचा आहे आणि खरा आकडा त्याहून मोठा असल्याचं अनेक अभ्यासक सांगतात. आणीबाणी लागली, संसद १९७१ च्या फेब्रुवारीपर्यंत बंद. मलय समाज बहुसंख्य, पण भातशेती, मासेमारी नि रबराच्या छोट्या मळ्यांवर जगणारा, शहरातला व्यापार बहुतेक चिनी नि विदेशी कंपन्यांच्या हातात. आणि याच सुमारास खेड्यातली मलय पोरं पहिल्यांदा मोठ्या संख्येने विद्यापीठात पोचत होती. म्हणजे एकीकडे दंगलीचा राग ताजा, दुसरीकडे घरातला पहिला पदवीधर होण्याचं ओझं, आणि तिसरीकडे सत्ताधारी उम्नो पक्ष त्यांना सांगतोय की तुम्ही फक्त मलय म्हणून विचार करा. अशा वेळी तरुणांच्या हाताला काय लागतं हे फार महत्त्वाचं असतं. दगड लागू शकतो. यांच्या हाताला पुस्तक लागलं, हे लहान काम आहे का?

अन्वर शिकले मलय कॉलेज कुआला कांगसारमध्ये, ही ब्रिटिशांनी १९०५ मध्ये मलय राजघराण्यातल्या आणि बड्या घरच्या मुलांसाठी काढलेली शाळा, तिथून पुढे युनिव्हर्सिटी ऑफ मलाया. या वाटेने गेलेल्या मुलाला सरकारी खात्यातली खुर्ची जवळपास ठरलेली. हा चोविशीतला पोरगा ती खुर्ची सोडून मित्रांबरोबर कुआलालंपूरमध्ये यायासान आंदा नावाची खाजगी शाळा काढतो, आणि कुणासाठी? परीक्षेत नापास होऊन सरकारी शाळेबाहेर फेकल्या गेलेल्या गरीब मुलांसाठी. ज्यांना व्यवस्थेने शिक्का मारून घरी पाठवलं त्यांना पुन्हा बाकावर बसवायचं आणि पुन्हा परीक्षेला पाठवायचं, एवढाच धंदा. त्याच वर्षी आबिम जन्माला आली. कारण पण साधं होतं. मुस्लिम विद्यार्थ्यांचा एक राष्ट्रीय संघ १९६१ पासून होता, अन्वर त्याचे अध्यक्ष होते, पण पदवी हातात पडली की तो सुटायचा आणि मग पोरं नोकरीत, संसारात विरघळून जायची. कॉलेजनंतरही काम चालू राहावं म्हणून ही संघटना. ऑगस्ट १९७१ मध्ये ठरलं, १९७२ मध्ये रीतसर नोंदणी झाली. आणि हेही सांगतो की अन्वर एकटे संस्थापक नव्हते, पहिले अध्यक्ष रझाली नवावी होते, अन्वर १९७४ मध्ये अध्यक्ष झाले नि १९८२ पर्यंत राहिले. एका माणसाची करामत म्हणून ही गोष्ट सांगितली की पुढचं सगळं चुकतं.

आता कुणी म्हणेल, शाळा ठीक आहे हो, पण "मुस्लिम" तरुणांचीच संघटना का, सगळ्यांची का नाही? हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत अशी जातवार बोर्डिंगं काढायला सुरुवात केली तेव्हा नेमकी हीच ओरड झाली होती, की यामुळे जात अजून घट्ट होईल. १९०६ मध्ये तर मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग निघालं आणि त्यात महाराजांनी स्वतः लक्ष घातलं. महाराजांना जात पक्की करायची होती असं आज कुणी म्हणेल का? ज्या समाजातून शिकणारी पहिली पिढी यायचीये त्या समाजाला आधी आपल्या ओळखीच्या माणसाच्या हातात पोर द्यावंसं वाटतं, ही त्यातली खरी गोष्ट. खेड्यातला बाप पोराला परक्या शहरात पाठवतो तेव्हा तो अभ्यासक्रम बघत नाही, तिथं आपलं कोण आहे ते बघतो. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली ती याच समजुतीवर, आणि शेजारच्या इंडोनेशियात अहमद दहलान यांनी १९१२ मध्ये मुहम्मदिया काढली ती पण. नावात धर्म आहे म्हणून संस्था बंद खोली होते असं नाही. तिचं दार किती उघडं आहे हे तिच्या कामावरून बघावं लागतं.

आबिमचं काम कसं चालायचं? त्यांच्याकडे उसरा नावाचा प्रकार होता, अजून आहे. आठ-दहा जण, आठवड्यातून एकदा, कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत खाली बसायचं, एक जण नकीब म्हणजे गटप्रमुख, ठरवलेला मजकूर वाचायचा, मग एकेकाने त्यावर बोलायचं, आणि शेवटी प्रत्येकाने या आठवड्यात काय काम केलं ते सांगायचं. पुस्तक कुराणाचं असेल, नाहीतर गरिबीवरचं, वसाहतवादावरचं. यात लाजाळू पोराला पण तोंड उघडावं लागायचं. आता याची तुलना नाईकच्या सभेशी करा, जिथे स्टेजवर एक माणूस आणि समोर हजारो, प्रश्न विचारायची सोय असते पण उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि टाळ्या पण ठरलेल्या. नाईकची माझगावात शाळासुद्धा होती, त्यामुळे नुसती शाळा काढली की झालं असा माझा दावा नाहीच. माणूस तिथे ऐकायला बसतो की बोलायला शिकतो, हा फरक आहे, आणि आपल्या वादात या दोन टोकाच्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात.

आणि मग बालिंग. १९७४ च्या शेवटी केडाह राज्यातल्या बालिंग भागात रबर काढणारे छोटे शेतकरी रस्त्यावर उतरले. रबराचा भाव कोसळलेला, तांदूळ महागलेला. रबराचं काम कसं असतं, तर पहाटे अंधारात झाडाच्या सालीवर तिरकी चीर पाडायची, खाली वाटी बांधलेली असते तिच्यात चीक थेंब थेंब पडतो, आणि पाऊस आला की त्या दिवसाची कमाई गेली. त्या लोकांच्या घरात खायला नाही अशी बातमी राजधानीत आली आणि विद्यार्थी डिसेंबरमध्ये रस्त्यावर आले, हजाराच्या वर पोरं पकडली गेली. अन्वर यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली उचललं आणि खटला न चालवता जवळपास दोन वर्षं कामुंटिंगच्या कॅम्पात ठेवलं. ज्यांना आबिम फक्त दाढी-टोपीची संघटना वाटते त्यांनी याचं उत्तर द्यावं की मग तिचा अध्यक्ष रबराच्या भावावरून जेलमध्ये का गेला? ते शेतकरी मुसलमान होते हे खरं, पण ज्या सरकारच्या विरोधात हे उभे राहिले तेही मुसलमानांच्याच पक्षाचं होतं. १९७५ मध्ये सरकारने विद्यापीठ कायदा इतका आवळला की विद्यार्थ्यांचं राजकारण जवळपास संपलं, आणि तेव्हा सरकारवर उघड टीका करायला जी थोडी जागा उरली त्यात आबिम होती. १९८१ मध्ये संघटनांची मुस्कटदाबी करणारी दुरुस्ती आली तेव्हा तिच्या विरोधातल्या मोहिमेत अन्वर पुढे होते आणि बरोबर बिगरमुस्लिम संघटना पण होत्या.

आता विरोधकांचे खरे मुद्दे. ते कमजोर नाहीत आणि मला ते टाळायचे नाहीत. पहिला, विचार कुठून आले? आबिमच्या उसरांमध्ये हसन अल-बन्ना आणि जमात-ए-इस्लामी काढणारे मौदुदी वाचले जायचे, उसरा ही पद्धतच बन्नाच्या इजिप्तमधल्या मुस्लिम ब्रदरहूड या संघटनेकडून आलेली, अन्वर १९७९ च्या क्रांतीनंतर तेहरानला जाऊन आले, सौदीतल्या जागतिक मुस्लिम युवक संघटनेशी त्यांचा संबंध होता. आणि बन्ना स्वतःच इस्माइलियातला शाळामास्तर होता, त्याने १९२८ मध्ये ब्रदरहूड काढली, त्यामुळे संस्थापक शिक्षक होता हे काही चारित्र्याचं सर्टिफिकेट नाही. मान्य, पूर्ण मान्य. पण वाचन आणि वागणं यात अंतर असतं की नाही? बन्नाच्या संघटनेने गुप्त सशस्त्र शाखा उभी केली आणि १९४८ मध्ये तिच्या माणसाने इजिप्तच्या पंतप्रधानाचा खून केला. आबिमने हत्यार हातात घेतलं नाही, गुप्त शाखा काढली नाही, नोंदणी करून, उघड अधिवेशनं भरवून काम केलं. उलट सत्तरच्या दशकाच्या शेवटी अन्वर आणि त्यांचे सहकारी मलय वर्णवर्चस्वावर इस्लामच्या भाषेतच टीका करत होते, की आपली जमात म्हणून अन्यायाला साथ देणं हे धर्मात बसत नाही. दंगलीनंतर दहा वर्षांच्या आत मलय तरुणांसमोर हे बोलायला हिंमत लागते. ज्या ग्रंथांतून दुसऱ्यांनी बंदूक काढली त्यातून यांनी हा युक्तिवाद काढला, याचं श्रेय त्यांना द्यायला नको का?

दुसरा मुद्दा बायकांचा, आणि इथे मी आबिमचा बचाव करू शकत नाही, करणारही नाही. सत्तरच्या दशकात कॅम्पसवर जी धर्मजागृतीची लाट आली तिने डोक्यावरचा रुमाल हा चांगल्या मुलीचा निकष करून टाकला, आणि आबिम त्या लाटेत पुढे होती. मुली स्वतःहून घालत होत्या, काही जणींना त्यातून घराबाहेर पडायची मोकळीक पण मिळाली, हे सगळं ऐकलंय मी, आणि त्यात तथ्य आहे. पण बायकांची वेगळी शाखा आणि अध्यक्षपदाच्या यादीत पुरुषच, हे पन्नास वर्षं चालतं तेव्हा ती नुसती परंपरा म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कुआलालंपूरमध्ये मुस्लिम बायकांनाच सिस्टर्स इन इस्लाम काढावी लागली, कुराण आम्ही पण वाचू म्हणत, आणि त्यांच्या विरोधात पुढे सेलांगोर राज्याच्या फतवा समितीने फतवा काढला. आबिमने मुलांना बोलायला शिकवलं, मुलींनी बोललेलं ऐकून घ्यायला शिकवलं नाही.

तिसरा मुद्दा बिगरमुस्लिमांच्या भीतीचा, आणि हाच मला सगळ्यात मोठा वाटतो. १९८२ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर अन्वर तेव्हाचे पंतप्रधान महाथीर यांच्या बोलावण्यावरून उम्नोमध्ये गेले. ज्या पक्षाने जेलमध्ये टाकलं त्याच पक्षात. आतून बदल घडवू म्हणाले. आबिमची बरीच माणसं त्यांच्या मागे सरकारी खात्यांत गेली, १९८३ मध्ये इस्लामिक बँक आणि आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ उभं राहिलं, १९८६ मध्ये अन्वर शिक्षणमंत्री झाले. आणि मग उम्नो आणि विरोधातला इस्लामी पक्ष पास या दोघांत जास्त इस्लामी कोण अशी स्पर्धा लागली. १९८८ मध्ये घटनेत कलम १२१(१ए) आलं, म्हणजे शरिया कोर्टाच्या अखत्यारीतल्या गोष्टीत दिवाणी न्यायालयांनी पडायचं नाही. कागदावर साधं वाटतं. २००५ च्या डिसेंबरमध्ये मलेशियाच्या एव्हरेस्ट मोहिमेतला जवान एम. मूर्ती वारला, बायको सांगत होती की तो हिंदू म्हणूनच जगला, धर्मखातं म्हणालं त्याने धर्म बदलला होता, शरिया कोर्टाने तसा निकाल दिला, आणि बायको हायकोर्टात गेली तर हायकोर्ट म्हणालं आम्हाला अधिकारच नाही. ती मुसलमान नाही म्हणून शरिया कोर्टात तिला स्थान नाही, आणि दिवाणी कोर्टाचे हात बांधलेले. नवऱ्याचं दफन झालं. ती बाई कुठे जाणार होती सांगा?

हे जे झालं ते १९७१ च्या शाळेत झालं नाही, सरकारात झालं. हाच फरक मला ओरडून सांगायचाय. उसरामधला नकीब तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढच्या आठवड्यात जात नाही, विषय संपला. सरकारी धर्मखात्याला नाही म्हणायची सोय नसते, त्याच्याकडे पोलीस असतात. नैतिक आग्रह माणसाच्या मनावर काम करतो तोपर्यंत ती चळवळ असते, तोच आग्रह कायद्याच्या कलमात घातला की शेजाऱ्याच्या घरात घुसतो. हे मुसलमानांपुरतं आहे का? कुठल्याही धर्माच्या सांस्कृतिक संघटनेने मंत्रालयाचा जिना चढला की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून अन्वर यांच्यावर टीका करायची तर १९८२ साठी करा, नाईकच्या बाबतीत पंतप्रधान म्हणून ते जे करतात किंवा करत नाहीत त्यासाठी करा. नाईकला तिथे कायम राहायची परवानगी अन्वर पंतप्रधान होण्याच्या बऱ्याच आधी मिळाली होती, पण २०२२ पासून निर्णय त्यांच्या हातात आहे, आणि भारतात गुन्हे दाखल असलेल्या माणसाबद्दल आपण त्यांना प्रश्न विचारणं योग्यच आहे. फक्त तो प्रश्न नापास पोरांना शिकवणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात घालू नका.

"ती नुसती सत्तेची शिडी होती" असं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. आबिममधून उम्नोचे मंत्री निघाले, हे खरं. पण पास पक्षाचे अध्यक्ष झालेले फाझिल नूर आणि त्यांच्यानंतरचे हादी अवांग हेही आबिममधलेच, आणि १९९८ मध्ये महाथीर यांनी अन्वर यांना हाकलून जेलमध्ये टाकलं तेव्हा रस्त्यावर आलेले आणि १९९९ मध्ये अन्वर यांच्या बाजूने केआदिलान पक्ष उभा करणारे अनेक जणही. एकाच उसरातून एकमेकांच्या विरोधात लढणारे तीन पक्षांचे लोक तयार होतात, याला मेंदू धुणं कसं म्हणायचं? आणि संघटना संपली नाही, तिच्या बालवाड्या आणि प्राथमिक शाळा चालू आहेत, अन्वर गेल्यावर पण चालू राहिल्या.

आता आपल्याकडे बघू, कारण या वादात शेवटी कुणीतरी म्हणतंच की आम्हाला आबिम नको, हमीद दलवाई हवेत. मलाही दलवाई हवेत. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेणारा माणूस, आणि त्याच मागणीवर सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०१७ उजाडलं. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, म्हणजे आबिमच्या जेमतेम दीड वर्ष आधी. दलवाईंना आबिम पटली नसती हे मी लपवत नाही, त्यांना धर्म कायद्याबाहेर हवा होता आणि बायकांच्या प्रश्नावर ते आबिमच्या कितीतरी पुढे होते. पण एक संघटना देशभर पसरली आणि दुसरी मूठभर निष्ठावंतांच्या जिवावर तगली, असं का झालं, हा प्रश्न आपण टाळतो. परिस्थिती वेगळी होती हे उघड आहे. मलय समाज बहुसंख्य, त्याच्या पाठीशी १९७१ पासून मलयांना शिक्षणात नि धंद्यात झुकतं माप देणारं सरकारचं नवं आर्थिक धोरण, तर इथला मुसलमान फाळणीनंतरचा, धास्तावलेला, अल्पसंख्य. दलवाई १९७७ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले, मंडळाला त्यांची सातच वर्षं मिळाली, तीही आजारपणात. समाजाने वाळीत टाकलं आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांनी मतांसाठी अंतर राखलं. हे सगळं धरूनही मला वाटतं की कायदा बदलायची मागणी आणि मोहल्ल्यातली शिकवणी, या दोन गोष्टी एका हाताने व्हायला हव्या होत्या. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत काढली, पोरांना श्रम करून शिकायला लावलं, वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि सत्यशोधकी विचार गावागावात टिकला त्यात या वसतिगृहांचा वाटा भाषणांपेक्षा कमी नव्हता.

आज भिवंडीत, मालेगावात, मुंब्र्यात एखादा शिकलेला मुस्लिम पोरगा दहावी नापासांसाठी रात्रीचा वर्ग काढतो आणि पाटीवर समाजाचं नाव लिहितो, तेव्हा एका बाजूने मौलवी विचारतो की मुलींना कशाला बोलावतोस, आणि दुसऱ्या बाजूने शहाणे लोक विचारतात की यामागे कोण आहे, पैसा कुठून येतो. पैशाचा हिशेब जरूर मागा, सगळ्यांकडेच मागा. मुली वर्गात आहेत का आणि त्या नुसत्या ऐकतात की बोलतात ते विचारा, शेजारच्या गल्लीतल्या हिंदू पोराला तिथे बसता येतं का ते विचारा. पण पाटी वाचूनच निकाल देणार असाल तर तो वर्ग बंद पडेल, आणि तिथली पोरं मोबाइलवर नाईकची भाषणं ऐकत बसतील.